हातमोजा कोणासाठी? दातांच्या दवाखान्यातल्या स्पर्शाचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. म्हणाला, "अरे, तू तत्त्वज्ञानाचा माणूस. दातांच्या डॉक्टरांच्या हातमोज्यांवर तू काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. माझ्या नावामागे 'डॉक्टर' लागतं, पण त्या डॉक्टरकीने आजवर कुणाचं डोकं दुखायचं थांबलेलं नाही. उलट माझ्या तासाला बऱ्याच जणांचं दुखायला लागलं असेल. (हशा)

माझी पात्रता दोनच गोष्टींची. एक म्हणजे दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसण्याचा साठ वर्षांचा अनुभव. आणि दुसरी, मी जवळजवळ तीस वर्षं विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्या विषयाच्या अगदी सुरुवातीच्या पाठात डॉक्टरांच्या हातांची एक गोष्ट येते. तिच्याकडे मी येतोच.

आधी खुर्चीतल्या दोन आठवणी सांगतो. पहिली १९६१-६२ ची. मी अकरा वर्षांचा असेन. तालुक्याच्या गावी वडिलांनी मला दाढ दाखवायला नेलं होतं. डॉक्टर भला माणूस. कोपऱ्यातल्या बेसिनवर त्यांनी लाल साबणाने हात धुतले, खिळ्याला अडकवलेल्या पंचाला पुसले आणि बोटं माझ्या तोंडात घातली. बोटांना लवंगेच्या तेलाची चव होती. ती चव मला अजून आठवते. स्टोव्हवर एका भांड्यात चिमटे उकळत होते. पंचा सगळ्यांना एकच. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. डॉक्टरांना नाही, वडिलांना नाही, मला तर नाहीच.

दुसरी आठवण तीन वर्षांपूर्वीची. शहरातला चकचकीत दवाखाना. डॉक्टर तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यांनी माझ्यासमोर नवीन ग्लोव्हज चढवले, रूट कॅनॉलचं काम सुरू केलं. मध्येच मोबाइल वाजला. ग्लोव्ह घातलेल्या बोटानेच त्यांनी तो बघितला, बंद केला. मग खण उघडला, दिवा सरकवला, फाइलवर काहीतरी लिहिलं, आणि तीच बोटं परत माझ्या तोंडात. मी काही बोललो नाही. बोलणार कसा, तोंडात कापूस! पण खरं सांगायचं तर कापूस काढल्यावरही बोललो नाही. संकोच वाटला.

घरी आल्यावर मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. तो हातमोजा नेमका कोणासाठी होता? माझ्यासाठी, की त्यांच्यासाठी? आजचं व्याख्यान म्हणजे या एकाच प्रश्नाचा माग आहे. इतिहासात या प्रश्नाची उत्तरं वेळोवेळी बदलत गेली, आणि प्रत्येक बदलाला बराच उशीर झाला. तो उशीर का झाला, हे मला समजून घ्यायचं आहे.

हात दोषी असू शकतो का?

आता ती पाठातली गोष्ट. कार्ल हेम्पेल हे विसाव्या शतकातले मोठे तत्त्वज्ञ. १९६६ साली निसर्गविज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याच्या सुरुवातीलाच ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातल्या इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरची हकिगत सांगतात. १८४० च्या दशकात तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात सूतिकाज्वराने सुमारे ११ टक्के बायका दगावल्या. दुसऱ्या विभागात हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आत होतं.

सेमेलवाइसने एकेक शक्यता तपासली. गर्दी? दुसऱ्या विभागात जास्त होती. प्रसूतीच्या वेळी झोपण्याची पद्धत? बदलून पाहिली, फरक पडला नाही. मरणाऱ्या बाईसाठी पाद्री घंटा वाजवत वॉर्डातून जातो, त्याची धास्ती? पाद्र्याचा रस्ताही बदलला. काही नाही. मग १८४७ मध्ये त्याचा सहकारी कोलेच्का शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून आजारी पडला आणि गेला. लक्षणं बाळंतिणींसारखीच. सेमेलवाइसच्या लक्षात आलं: आपण शवागारातून थेट प्रसूतीगृहात येतो. मरण आपल्या हातांवरून येतंय. त्याने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. १८४८ साली पहिल्या विभागातलं प्रमाण १.२७ टक्के झालं, म्हणजे सुइणींच्या विभागापेक्षा किंचित कमीच.

वर्गात ही गोष्ट मी गृहीतक कसं तपासावं याचा नमुना म्हणून शिकवायचो. मुलं मात्र दरवर्षी वेगळाच प्रश्न विचारायची. "सर, आकडे इतके स्पष्ट होते, तर बाकीच्या डॉक्टरांनी ऐकलं का नाही?" त्याची पुस्तकी उत्तरं आहेत. जंतुसिद्धान्त अजून यायचा होता, सेमेलवाइसचा स्वभाव तापट होता, वगैरे. पण मला वाटतं, अडचण अधिक जवळची होती. हवा वाईट आहे हे माणूस पटकन मान्य करतो. पाणी वाईट आहे हेही करतो. आपलाच हात, ज्याने आपण माणसं वाचवतो, तोच मारतो आहे, हे मान्य करणं फार अवघड. फिलाडेल्फियाचे चार्ल्स मेग्ज नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. सूतिकाज्वर डॉक्टरांच्या हातून पसरतो या म्हणण्यावर त्यांचा आक्षेप साधारण असा, की डॉक्टर सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छ असतात. बघा, स्वच्छता ही इथे हाताची स्थिती राहिलीच नाही. ती माणसाच्या प्रतिष्ठेची खूण झाली. हा गोंधळ लक्षात ठेवा. आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

पहिलं उत्तर: घालणारीच्या कातडीसाठी

हातमोज्याचा जन्म मात्र या वादातून झाला नाही. तो झाला एका परिचारिकेच्या त्वचेच्या त्रासातून. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली सुरू झालं. तिथले शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहाची जबाबदारी कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेकडे होती. तोपर्यंत लिस्टरची जंतुनाशक पद्धत रुळली होती, म्हणजे हात आणि अवजारं जहाल रसायनांत बुडवायची. त्यातल्या पाऱ्याच्या क्षाराने हॅम्प्टनबाईंच्या हातांची कातडी सोलवटून निघाली. त्या नोकरी सोडायच्या बेतात होत्या. हॉल्स्टेडनी गुडइयर रबर कंपनीला पातळ रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या प्रयोग म्हणून बनवायला सांगितल्या. ही १८८९-९० च्या हिवाळ्यातली गोष्ट. पुढे १८९० च्या जूनमध्ये दोघांचं लग्न झालं, त्यामुळे ही हकिगत प्रेमकथा म्हणून सांगितली जाते. असेलही.

मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. हे हातमोजे रुग्णासाठी नव्हतेच. मदतनीस ते घालू लागले, काम सोपं झालं म्हणून. पण प्रत्यक्ष पोट उघडणारा सर्जन पुढची काही वर्षं बहुतेक वेळा उघड्या हातानेच काम करत राहिला. हॉल्स्टेडचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी १८९९ साली हर्नियाच्या साडेचारशेहून जास्त शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की सर्जनने नियमाने ग्लोव्हज घातल्यावर जखमा चिघळण्याचं प्रमाण जवळजवळ नाहीसं झालं. पुढे हॉल्स्टेड यांनी स्वतःच आश्चर्याने लिहून ठेवलं की चार-पाच वर्षं ही वस्तू आमच्या हातात होती आणि तरी आम्ही इतके आंधळे कसे राहिलो. मोठा माणूस. असं लिहायला मन मोठं लागतं.

रबर आलं, पण हातावर चढलं नाही

आता दातांकडे वळू. इथे एक गंमत आहे. रबर सर्जनच्या हातावर चढण्याच्या आधीच दंतवैद्यांच्या घरात शिरलं होतं. चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ केलं, आणि त्याच्याच कडक प्रकाराच्या, म्हणजे व्हल्कनाइटच्या, कवळ्या १८५० च्या दशकापासून होऊ लागल्या. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने रबर डॅम शोधला. पातळ रबराचा तुकडा, त्याला भोक, भोकातून दात वर काढायचा, म्हणजे लाळ लागत नाही आणि काम कोरडं होतं. आजही रूट कॅनॉल करताना तो वापरतात. म्हणजे रुग्णाच्या तोंडात रबराची कवळी, दाताभोवती रबराचा पडदा, आणि डॉक्टरांची बोटं मात्र उघडी. शंभर वर्षांहून जास्त काळ!

तोंडात जंतू असतात हे माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. हॉलंडच्या लेवेनहुकने १६८३ साली दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली बघून त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव नोंदवले होते. रॉबर्ट कॉखच्या बर्लिनमधल्या प्रयोगशाळेत काम केलेले अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये तोंडातल्या सूक्ष्मजीवांवर अख्खं पुस्तक लिहिलं. हॅम्प्टनबाईंचे हातमोजे आणि मिलरचं पुस्तक साधारण एकाच वेळचे.

मग दंतवैद्य थांबले कशासाठी? कारणं होती, आणि ती सगळी फालतू नव्हती. दाताचं काम स्पर्शाचं. मुळाचा खडबडीतपणा, कीड कुठे मऊ लागते, हे बोटांना कळावं लागतं. जाड रबरातून ते कळत नसे. सर्जन दिवसात मोजक्या शस्त्रक्रिया करतो, दातांचे डॉक्टर पंधरा-वीस माणसं बघतात, आणि तेव्हाचे हातमोजे धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरायचे असत. पातळ, एकदा वापरून टाकून द्यायचे लॅटेक्सचे ग्लोव्हज बाजारात आले ते १९६० च्या दशकाच्या मध्याला. शिवाय एक युक्तिवाद असा, की पोट आतून स्वच्छ असतं, तिथे जंतू नेऊ नयेत हे ठीक. तोंड तर आधीच जंतूंनी भरलेलं, तिथे काय राखायचं?

या युक्तिवादात चूक कुठे आहे ते बघा. त्यात गृहीत धरलंय की प्रश्न फक्त या तोंडाचा आहे. पण दवाखान्यात एक तोंड नसतं. सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक तोंडं असतात आणि त्या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे डॉक्टरांचे हात आणि अवजारं. आपलं गावाकडचं उदाहरण घ्यायचं तर विहीर आधीच गढूळ आहे म्हणून पोहरा कसाही चालेल असं आपण म्हणतो. पण तोच पोहरा पुढच्या विहिरीत जाणार आहे, हे विसरतो.

आणि एक कारण होतं ते थेट माणसांच्या नात्यातलं. ग्लोव्हज घातले तर रुग्णाला अपमान वाटेल, 'मी काय घाणेरडा आहे का' असं त्याच्या मनात येईल, ही भीती. मेग्जसाहेबांचाच तो गोंधळ, फक्त बाजू उलटी. तिथे डॉक्टरांच्या स्वच्छतेवर शंका घेणं म्हणजे त्यांचा अपमान, इथे रुग्णाच्या.

दुसरं उत्तर: डॉक्टरांच्या जिवासाठी

हे बदललं ते कावीळ ब मुळे, म्हणजे हिपॅटायटिस बी मुळे. १९६० च्या दशकात बारूक ब्लूमबर्ग यांच्या संशोधनातून या विषाणूचा माग लागला. त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. रक्ताची चाचणी उपलब्ध झाल्यावर एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली. सर्वसाधारण लोकांपेक्षा दातांच्या डॉक्टरांमध्ये, विशेषतः दाढा काढणाऱ्या सर्जनांमध्ये, हा संसर्ग कितीतरी जास्त होता. रक्त-लाळेत दिवसभर बोटं, आणि बोटांवर सतत बारीक चिरा. दूषित सुई टोचली तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. एचआयव्हीची साधारण ०.३ टक्के. हा विषाणू वाळलेल्या रक्तात, टेबलावर, हँडलवर निदान आठवडाभर टिकतो.

इथे हातमोज्याचं दुसरं उत्तर आलं: तो डॉक्टरांच्या जिवासाठी आहे. पण लगेच तिसरंही मागोमाग आलं. ज्या चिरेतून विषाणू डॉक्टरांच्या अंगात शिरतो, त्याच चिरेतून तो बाहेरही पडतो. १९८४-८५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ग्रामीण भागात एका दंतवैद्याच्या नऊ रुग्णांना हिपॅटायटिस बी झाल्याचं उघड झालं. त्यातले दोघे गेले. त्या डॉक्टरला स्वतःला काहीच लक्षण नव्हतं. तो कुणाला फसवत नव्हता. त्याला माहीतच नव्हतं.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, सत्तरच्या दशकापासूनचा हिशेब मांडला. आरोग्य कर्मचाऱ्यांकडून रुग्णांना हिपॅटायटिस बी झाल्याचे वीस समूह, रुग्ण तीनशेहून जास्त. वीसपैकी नऊ समूह दंतवैद्य किंवा मुखशल्यविशारदांशी जोडलेले. आणि बारा समूहांत संबंधित कर्मचारी नियमाने ग्लोव्हज घालत नव्हते. ग्लोव्हज आणि लस दोन्ही सर्रास झाल्यावर, म्हणजे १९८७ नंतर, दातांच्या दवाखान्यातून असा नवा समूह त्यांना आढळला नव्हता.

तिसरं उत्तर: आपल्याला माहीत नाही म्हणून

याच काळात एड्स आला. पहिली नोंद १९८१ च्या जूनमधली. भीती एवढी होती की दातांच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं न झालेला बदल चार-पाच वर्षांत झाला. १९८६ च्या एप्रिलमध्ये सीडीसीने दंतवैद्यकासाठी स्वतंत्र शिफारशी काढल्या, आणि १९८७ मध्ये सर्वच आरोग्यसेवेसाठी एक तत्त्व मांडलं: युनिव्हर्सल प्रिकॉशन्स, सार्वत्रिक दक्षता. अर्थ सोपा आहे. प्रत्येकाचं रक्त संसर्गजन्य आहे असं धरून वागा. तपासणी झाली असो वा नसो, माणूस ओळखीचा असो वा अनोळखी.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला हे वाक्य फार मोठं वाटतं. त्याआधीची पद्धत काय होती? संशय घ्यायचा आणि त्याप्रमाणे काळजी घ्यायची. हा ट्रक ड्रायव्हर दिसतो, जपून. ही सुशिक्षित बाई, चिंता नाही. म्हणजे चेहरा, कपडे, आडनाव, व्यवसाय बघून धोक्याचा अंदाज बांधायचा. सार्वत्रिक दक्षतेने सांगितलं की तुझा हा अंदाज ज्ञान नाही, तो पूर्वग्रह आहे. तुला माहीत नाही, हे मान्य कर, आणि सगळ्यांशी सारखा वाग. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये न्यायाची कल्पना मांडताना अज्ञानाच्या पडद्याचा विचारप्रयोग सुचवला होता: समाजात आपण कोण असू हे माहीत नाही असं समजून नियम ठरवा, म्हणजे ते न्याय्य होतील. इथे खुर्चीत कोण बसलंय हे खरोखरच माहीत नसतं, आणि त्या अज्ञानातूनच समान वागणुकीचा नियम निघतो.

आपल्याकडे ही गोष्ट नीट समजून घ्यायची गरज जास्त आहे, कारण स्पर्शाचा आपला इतिहास वेगळा आहे. सोवळं-ओवळं आपण शतकानुशतकं पाळलं. वरवर बघता हातमोजा सोवळ्यासारखाच वाटतो: शिवायचं नाही, मध्ये काहीतरी हवं. पण दोघांचं तर्कशास्त्र उलटं आहे. सोवळं माणसांची प्रतवारी लावतं. कुणाला शिवायचं आणि कुणाला नाही, हे जन्मावरून ठरवतं. हातमोज्याने सगळ्यांना शिवता येतं. ज्या दिवशी एखादा डॉक्टर एचआयव्ही असलेल्या माणसाला दिवसाची शेवटची वेळ देतो, त्याच्यासाठीच फक्त दोन-दोन ग्लोव्हज चढवतो, किंवा 'मोठ्या हॉस्पिटलात जा' म्हणतो, त्या दिवशी त्याने हातमोज्याचं पुन्हा सोवळं केलेलं असतं. आणि ते शास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचं आहे, कारण याचा अर्थ बाकीच्यांच्या वेळी तो कमी काळजी घेतो.

हा वाद कोर्टातही गेला. अमेरिकेतल्या मेन राज्यात १९९४ मध्ये एका दंतवैद्याने एचआयव्ही असलेल्या स्त्रीचा किडलेला दात स्वतःच्या दवाखान्यात भरायला नकार दिला. रुग्णालयात करू, तिथला खर्च तुम्ही द्या, असं सांगितलं. 'ब्रॅगडन विरुद्ध ॲबट' या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये, लक्षणं नसली तरी एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला भेदभावविरोधी कायद्याचं संरक्षण आहे, असा निर्णय दिला. आपल्याकडे एचआयव्ही आणि एड्ससंबंधीचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. उपचार नाकारणं हा त्यात भेदभाव मानला आहे, आणि कर्मचाऱ्यांना सार्वत्रिक दक्षतेची साधनं पुरवणं ही संस्थेची जबाबदारी ठरवली आहे. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात आहेत, हे मला योग्य वाटतं. संरक्षण दिल्याशिवाय नुसतं कर्तव्य सांगता येत नाही.

न बदललेला हातमोजा

आता माझ्या मोबाइलवाल्या डॉक्टरांकडे परत येतो. त्यांनी ग्लोव्हज घातले होते. मग माझी तक्रार काय?

१९९० च्या जुलैमध्ये सीडीसीने फ्लोरिडातली एक घटना जाहीर केली. एका तरुणीला एचआयव्हीची लागण झाली होती आणि नेहमीची कुठलीच कारणं सापडत नव्हती. तिने दोन दाढा काढून घेतल्या होत्या, त्या दंतवैद्याला एड्स होता. पुढे त्याच्या एकूण सहा रुग्णांचा संसर्ग त्या दवाखान्याशी जोडला गेला. ती तरुणी १९९१ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी गेली. विषाणू नेमका कोणत्या वाटेने गेला हे कधीच निश्चित झालं नाही. पण चौकशीच्या नोंदीत एक साधं वाक्य आहे, ते मला महत्त्वाचं वाटतं. तिथे ग्लोव्हज आणि मास्क घातले जात होते. मात्र अधूनमधून दोन रुग्णांच्या मध्ये ग्लोव्हज बदलण्याऐवजी धुतले जात. लागण त्यामुळेच झाली असं म्हणता येणार नाही, आणि मी म्हणतही नाही. पण ग्लोव्हज असूनही सवय जुनीच राहू शकते, हे त्यावरून दिसतं.

धुतलेला ग्लोव्ह का चालत नाही? साबणाने लॅटेक्सला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि ओल त्यातून आत झिरपते. म्हणून ग्लोव्ह काढल्यावरही हात धुवायचेच असतात. सुई तर त्यातून आरपार जाते. आणि अवजारं नीट निर्जंतुक केली नाहीत, तर ग्लोव्हचा काही उपयोग नाही. माझ्या लहानपणचं ते उकळतं भांडं शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि जंतूंचे चिवट बीजाणू त्यात टिकू शकतात. ऑटोक्लेव्ह प्रेशर कुकरसारखा वाफेचा दाब वाढवून १२१ अंशांपर्यंत नेतो, म्हणून तो हवा. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात २०१३ साली एका मुखशल्यविशारदाच्या सुमारे सात हजार रुग्णांना तपासणी करून घ्यायला सांगावं लागलं, ते निष्काळजी व्यवहारामुळेच. एका रुग्णाकडून दुसऱ्याला हिपॅटायटिस सी गेल्याचं तिथे सिद्ध झालं.

तर मुद्दा असा. ग्लोव्ह घालणाऱ्याचं रक्षण तो न बदलताही करतो. मोबाइल, खण, दिवा, पेन, सगळीकडे फिरून आलेला ग्लोव्ह डॉक्टरांच्या बोटांना स्वच्छच ठेवतो. रुग्णाचं रक्षण होतं ते तो बदलल्याने. माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. त्या दिवशीचा हातमोजा डॉक्टरांसाठी होता. उघड्या हाताला निदान आपण मळलोय हे जाणवतं. ग्लोव्हमधल्या हाताला ते जाणवत नाही. करोनाच्या काळात भाजी मंडईत ग्लोव्हज घालून पैसे मोजणारी, त्याच हाताने कपाळाचा घाम पुसणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

आणखी काही हात

शेवटाकडे येताना दोन हातांची आठवण करून देतो. एक पुन्हा कॅरोलाइन हॅम्प्टनचा. ग्लोव्हज सर्रास झाल्यावर नव्वदच्या दशकात लॅटेक्सच्या ॲलर्जीचे रुग्ण वाढले, आणि त्यात परिचारिका, दंतवैद्य, मदतनीसच पुष्कळ होते. ग्लोव्ह सहज चढावा म्हणून आत घातलेली मक्याच्या पिठाची पूड ते प्रथिन हवेत उडवत असे. अमेरिकेने २०१७ च्या जानेवारीत पूड असलेल्या वैद्यकीय ग्लोव्हजवर बंदी घातली. नायट्राइलचे ग्लोव्हज वाढले. हाताची कातडी वाचवायला जन्मलेली वस्तू शंभर वर्षांनी हाताला पुरळ आणू लागली, आणि ते ऐकून घ्यायलाही बराच वेळ गेला.

दुसरा हात आपल्या शहरातला. दवाखान्यातले वापरलेले ग्लोव्हज २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे लाल पिशवीत जायला हवेत. एखाद्या लहान दवाखान्यातून ते साध्या कचऱ्यात गेले, तर पहाटे ते वेचणारा हात बहुतेक वेळा उघडा असतो. सार्वत्रिक हा शब्द आपण मनापासून घेतला, तर त्यात तोही हात यायला हवा.

आणि आता माझी कबुली. तीन महिन्यांनी मी त्याच डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. या वेळी खुर्चीत टेकण्याआधीच, तोंड मोकळं असताना, म्हणालो, "डॉक्टर, एक विचारू का? राग मानू नका. मध्ये फोन आला तर ग्लोव्हज बदलाल ना?" ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "सर, बरं झालं बोललात. कुणी बोलत नाही." त्यांनी मोबाइल बाहेर रिसेप्शनवर पाठवून दिला. काम झालं. दाढ अजून ठीक आहे.

मी घरी येताना विचार करत होतो, की हे एवढं वाक्य बोलायला मला सत्तरी का गाठावी लागली? वडिलांनी १९६१ मध्ये पंचाबद्दल विचारलं नाही, कारण डॉक्टरांना विचारायचं नसतं. मी तीन वर्षांपूर्वी विचारलं नाही, कारण त्यांना वाईट वाटेल. सेमेलवाइसच्या काळात डॉक्टर एकमेकांना विचारत नव्हते, कारण सभ्य माणसाच्या हाताबद्दल शंका घेणं बरं दिसत नाही. दर वेळी संकोच तोच, आणि त्याची किंमत खुर्चीतल्या किंवा खाटेवरच्या माणसाने दिली.

तेव्हा पुढच्या वेळी दातांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा नम्रपणे, हसतमुखाने, पण विचारा. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. फक्त एक काळजी घ्या: तोंडात कापूस घालण्यापूर्वी विचारा.